ताईच्या घरी डबा

आमच्या वऱ्हाडात कोणी जाड होत नाही, त्याची 'तब्येत होते'. माणूस दार अडवून उभा राहिला, उठताना खुर्ची अंगाला चिकटून सोबत आली, तरी भेटणारा म्हणणार, "वा! मस्त तब्येत झाली बाप्पा!" मी अठ्ठेचाळीस वर्षांचा, एकशे चार किलोचा, अमरावतीच्या कोर्टात वकिली करणारा. माझी तब्येत वीस वर्षं होतच राहिली होती आणि मला त्याचा बऱ्यापैकी अभिमान होता. अशिलांना किडकिडीत वकील आवडत नाही. काळ्या कोटाची बटणं लागेनाशी झाली की त्यांना वाटतं, या माणसाचं चांगलं चाललंय, याच्याकडे केस द्यावी.

मग ताईच्या किडन्या गेल्या.

ताई माझी सख्खी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, अकोल्याला दिलेली. आई वावरात जायची तेव्हा मी ताईच्या कडेवर असायचो. ती शाळेतही मला कडेवर घेऊन जायची आणि मास्तरांनी हाकललं की दोघं परत यायचो. तिचं शिक्षण चौथीत थांबलं त्याचं एक कारण मी आहे. घरात हे कोणी कधी बोललं नाही. आता ती मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसच्या मशीनला लागायची, चार-चार तास. भाऊजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, जुनी शुगर, त्यामुळे ते बाद. मुलीचं नाव निघालं तर ताईनं एकाच वाक्यात विषय संपवला, "माह्या पोरीच्या अंगाले कोनी हात लावाचा नाई." राहिलो मी. रक्तगट जुळला, बाकीचं सगळं जुळलं. अमरावतीच्या किडनीच्या डॉक्टरांनी माझे रिपोर्ट पाहिले, मग चष्मा काढून मला पाहिलं.

"किडनी उत्तम आहे," ते म्हणाले. "पण एवढं शरीर मी टेबलावर घेणार नाही. ऑपरेशनमध्ये तुम्हाला धोका. आणि पुढं एका किडनीवर हे सगळं वजन तुम्हालाच ओढायचंय. अठ्ठ्याऐंशीवर या."

"किती दिवसांत?"

"आठ महिने घ्या. महिन्याला दोन किलो, त्याहून घाई नको. उपाशी राहायचं नाही. पावडर नाही, काढा नाही, मोबाइलवरचं काही नाही. खाली आमच्या आहारतज्ज्ञ मॅडम बसतात, त्यांना भेटूनच घरी जा."

वकील माणसाला ऐकायची सवय नसते. मी ऐकलं ते एवढंच, की सोळा किलो उतरवायचे. आठ महिने म्हणजे मशीनच्या किती फेऱ्या, याचा हिशेब डोक्यात सुरू झाला आणि मला डॉक्टरचा राग आला. आठ महिने मंद लोकांना लागत असतील, मला कशाला? खाली उतरलो. आहारतज्ज्ञ मॅडमचं दार उघडं होतं. आत एक पोरगेली, काडीसारखी बाई डब्यातलं वरण-भात खात बसली होती. ही मला काय शिकवणार, असं म्हणून मी तिच्या दारावरून सरळ स्कूटरकडे गेलो.

आमच्या बाररूममध्ये कायदा कोणाला फारसा येत नाही, पण वजन उतरवणं सगळ्यांना येतं. दुसऱ्या दिवशी मी नुसतं तोंड उघडलं आणि सल्ल्यांचा पाऊस पडला. एक जण म्हणाला, सकाळी लिंबू-मध. हे सांगताना त्याचं पोट टेबलावर ठेवलेलं होतं, शेजारी फाइल ठेवावी तसं. दुसऱ्यानं भात सोडला होता आणि तो दोन महिन्यांत तीन किलोनं वाढला होता, कारण भाताच्या जागी तो चार पोळ्या खायचा. तिसरा उपासवाला. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि दोन एकादश्या. उपासाच्या दिवशी त्याचा डबा मी पाहिलाय. साबुदाण्याची उसळ, तिच्यात मूठभर दाण्याचा कूट, बटाट्याचा कीस, दोन राजगिऱ्याचे लाडू, वर दही-साखर. इतर दिवशी हा माणूस साधी भाजी-पोळी खातो. उपासाच्या दिवशी दुप्पट खातो आणि पुण्यही खिशात घालतो. "तू पण धर उपास," तो मला म्हणाला. "पाह्य कसा हलका होते त."

सकाळी फिरणाऱ्यांचीही गंमत पाहिली. मैदानावर पहाटे निम्मी अमरावती येते. पांढरे बूट, गळ्यात टॉवेल. दोन फेऱ्या मारतात, त्याही गप्पा तुटू नयेत अशा बेतानं. कोणाच्या पोराचं लग्न कुठं ठरलं, कोणाचा प्लॉट कुठं अडकला. मग घोळका फाटकाबाहेरच्या गाड्यावर जातो आणि गरम आलूबोंडे खातो, तर्री ओतून. "आता चालते, जिरवलं ना आपन," असं एक निवृत्त साहेब मला म्हणाले तेव्हा त्यांच्या मिशीला तर्री लागलेली होती. मी तीन दिवस त्या घोळक्यात होतो. चौथ्या दिवशी मीही बोंडा खाल्ला, मग मैदान सोडलं.

आणि मग मी जे केलं ते या सगळ्यांपेक्षा वाईट होतं, म्हणून त्यांच्यावर हसायचा मला काही अधिकार नाही. तरी हसतो.

आमच्या कॉलनीत एका फ्लॅटमध्ये 'वेलनेस क्लब' निघाला होता. चालवणारा गृहस्थ माझ्या ओळखीचा. आधी तो नांदगाव पेठेच्या बाजूला प्लॉट दाखवत फिरायचा, मग विम्यात गेला, आता तो 'कोच' झाला होता. पांढरी पँट, छातीवर बिल्ला, आणि बिल्ल्यावर लिहिलेलं, 'वजनाबद्दल मला विचारा'. भिंतीवर आधीचे आणि नंतरचे फोटो. आधीच्या फोटोत सगळे रडके, नंतरच्या फोटोत सगळे दात काढून. सकाळी सहाला तिथं पंधरा-वीस जण गोल बसून टाळ्या वाजवायचे आणि कोणाचं किती उतरलं ते ओरडून सांगायचे. मग प्रत्येकाला एक ग्लास घट्ट, गोडसर पांढरं पाणी. ते दोन वेळच्या जेवणाच्या जागी घ्यायचं. संध्याकाळी कसल्यातरी पाल्याचा कडू काढा.

"यात काय काय असते?" मी एकदाच विचारलं.

"सर, शंभर टक्के नॅचरल," तो म्हणाला.

मी आयुष्यभर लोकांना उलटतपासणीत सोलत आलोय. तलाठ्याला, पोलिस पाटलाला, शिकलेल्या इंजिनिअरला मी विचारून विचारून घाम फोडलाय. आणि या फोकनाड्याला मी दुसरा प्रश्न विचारला नाही. नॅचरल! धोतऱ्याचं फळही नॅचरलच असतं. मी त्या पांढऱ्या पावडरचा डबा घेतला, काढ्याची पाकिटं घेतली, टाळ्याही वाजवल्या. ताईसाठी करतोय ना, मग काहीही चालतं, असं मी स्वतःला सांगितलं.

वजन मात्र उतरलं. तीन आठवड्यांत सात किलो. क्लबात माझा फोटो काढला. बायको म्हणाली, "तोंड पाहा आरशात. मयताले जाऊन आल्यासारखे दिसता." तिला काय कळतं, म्हणून मी ते सोडून दिलं. त्याच आठवड्यात कोर्टात एका साक्षीदाराला प्रश्न विचारता विचारता माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी त्याच्याच पिंजऱ्याचा कठडा धरून उभा राहिलो. साक्षीदार मला म्हणाला, "साहेब, तुमी बसता का हितं?" समोरच्या वकिलानं मला पाणी दिलं आणि तेवढ्यात पुढची तारीख मागून घेतली.

तरी मी ऐटीत डॉक्टरांकडे गेलो. सात किलो सांगायचे होते ना! त्यांनी रक्त तपासायला लावलं. संध्याकाळी रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी मला बसही म्हटलं नाही. किडनी किती काम करते ते ज्या आकड्यावरून कळतं, तो माझा आकडा वर चढला होता.

"काय घेत होता?"

मी पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. काढ्याचं पाकीट ठेवलं. त्यांनी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. त्यावर एका म्हाताऱ्या साधूचं चित्र होतं आणि आत काय आहे ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"वकीलसाहेब," ते म्हणाले, "तुमच्या बहिणीला मी एक चांगली किडनी शोधतोय. ती तुमच्या पोटात होती. तुम्ही ती कुठल्या पाल्याच्या पाण्यात धुवायला काढली? हे सगळं आजपासून बंद. पंधरा दिवसांनी परत तपासू. तेव्हाही असाच आला, तर तुमचं नाव मी कापतो."

ते पंधरा दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. मी घाबरलो होतो, स्वच्छ सांगतो. ताईचा फोन आला की उचलवत नव्हता. उचललाच तर बिचारी विचारायची, "जेवला का रे?" एवढंच. पंधरा दिवसांनी आकडा खाली आला. डॉक्टर म्हणाले, "नशीब समजा. या वेळी खाली थांबा."

सातातले चार किलो तोवर परतही आले होते.

आहारतज्ज्ञ मॅडम काडीसारखी होती, पण जीभ वकिलाची. "दिवसभरात काय खाता?" असं तिनं विचारलं.

"दोन पोळ्या."

"कितीदा दोन?"

अर्ध्या तासात तिनं माझ्याकडून सगळं काढून घेतलं. कोर्टातला सहा वेळचा चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. अशिलासोबतचा समोसा, कारण अशील आग्रह करतो. पोळीवरचं तूप, वरणातलं तूप, आणि झोपायच्या आधी दुधातलं तूप. कागदावर लिहिल्यावर ते मला माझंच आरोपपत्र वाटलं. मग तिनं दुसरा कागद घेतला. ज्वारीच्या दोन भाकरी, पोटभर भाजी, वाटीभर वरण, ताक. रात्री तेच, एक भाकर कमी. तेल चमच्यानं मोजून. साखर बंद करायची नाही म्हणाली, कारण तुम्ही चोरून प्याल; एक चमचा घ्या, दोनदा चहा घ्या. रोज चाळीस मिनिटं चालायचं, एकट्यानं, बोंड्याच्या गाड्याच्या उलट दिशेला. उपास अजिबात नाही. आणि दर सोमवारी तिच्यापुढं काट्यावर उभं राहायचं.

"एवढंच?" मी म्हणालो. "हे सांगायला डिग्री लागते काय?"

"सांगायला नाही लागत. तुमच्याकडून करून घ्यायला लागते," ती म्हणाली आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

काही मजा नव्हती त्या कागदात. टाळ्या नव्हत्या, फोटो नव्हता. पहिल्या आठवड्यात पाचशे ग्रॅम. दुसऱ्यात चारशे. बाररूममध्ये सांगायची लाज वाटावी असे आकडे. पण अंधारी येत नव्हती, जिने चढताना धाप लागत नव्हती, आणि तीन महिन्यांत मी पंच्याण्णववर आलो. आणि तिथं अडकलो. एक महिना गेला, दीड गेला. काटा जागचा हलेना.

मॅडमनं माझी वही पाहिली. सोमवार ते शनिवार सगळं बरोबर. रविवारचं पान कोरं.

"रविवारी काय करता?"

"अकोल्याला जातो. बहिणीकडे."

"जेवता काय तिथं?"

मी वही परत घ्यायला हात पुढं केला. तिनं वहीत 'बहीण' एवढंच लिहून खाली रेघ ओढली.

तर आता रविवार सांगतो. सकाळी बडनेऱ्याहून गाडी धरायची, अकोल्याला उतरायचं, दहापर्यंत ताईच्या घरी. ताई दारातच उभी. पाय सुजलेले, चेहरा मातकट, डाव्या हाताची शीर मशीनसाठी फुगवून ठेवलेली. तिला दिवसभरात एक छोटी बाटली पाणी, जास्त नाही. ती बाटली फळीवर असायची आणि ताई तिच्यातून चिमणीसारखी चोच बुडवायची. तिची भाजी दोनदा उकळून, पाणी फेकून, बिनमिठाची. आणि माझं ताट? माझ्या ताटात डाळीचे गोळे घातलेला गोळाभात, त्यावर कडकडीत तेलाची फोडणी ओतलेली. कढी. मुगाचे वडे, तेलातून काढलेले. वरणात तूप, पोळीत तूप. ती पहाटे उठून हे करायची. शुक्रवारी मशीनवरून उतरलेली बाई रविवारी चार तास चुलीपुढं उभी राहायची, आणि मग माझ्यासमोर पाटावर बसून मी कसा खातो ते पाहायची. तिच्या तोंडाला पाणी सुटताना मला दिसायचं.

मी हात आडवा केला की म्हणायची, "घे राजा."

"ताई, पुरे. मले वजन कमी कराचं हाये ना."

"एका दिवसानं काय होते? नाई घेतलं त माह्यं मेलं तोंड पाहशीन."

ही शपथ आमच्याकडे घरोघरी घालतात. पंगतीत, दिवाळीत, निरोप देताना. लाडू वाढायचा असला तरी बायका स्वतःच्या मरणाची शपथ घालतात आणि हसत वाढतात. पाहुणा नाही म्हणू शकत नाही. लहानपणापासून शेकडो वेळा ऐकलेली. पण ताईच्या त्या मातकट तोंडातून ती ऐकली की माझा आडवा हात आपोआप बाजूला व्हायचा. ती वाढायची, मी खायचो. संध्याकाळच्या गाडीत पोट हातात धरून बसायचो आणि स्वतःला सांगायचो, बहिणीचं मन मोडलं नाही मी. किती गुणी भाऊ! बाररूममधल्या उपासवाल्याला मी हसलो होतो. मी तर त्याच्याही वर. तो पुण्य खिशात घालायचा, मी बहिणीचं प्रेम. आणि ज्या बहिणीसाठी वजन उतरवायचं तिच्याच घरी दर रविवारी वाढवून घ्यायचो.

त्या सोमवारी मॅडम म्हणाली, "तुम्ही सहा दिवस उतरवता आणि सातव्या दिवशी अकोल्याला परत घेऊन येता. बहिणीला नाही म्हणता येत नसेल तर सांगा, मी ही वही बंद करते. माझ्या दारात दुसरे पेशंट आहेत."

मला तिचा राग आला. तिला काय माहीत बहिणीचं घर काय असतं? तो राग गाडीभर पुरला. पण पुढच्या रविवारी ताईनं ताट मांडलं, गोळाभातावर तेल ओतलं, तेव्हा मी म्हणालो, "एकच वाढ. वरून तेल नको."

ताई हसली आणि डाव वर उचलला.

"ताई, खरंच नको."

"घे रे. नाई घेतलं त माह्यं मेलं तोंड..."

"थे त मी दर रविवारी पाहूनच राहिलो!" मी ओरडलो. "कोनाचं तोंड पाहून राहिलो मी हितं येऊन? सांग ना!"

बाहेर ओट्यावर भाऊजी पेपर वाचत होते, त्यांच्या पेपरचा आवाज थांबला. ताईनं डाव परत भांड्यात ठेवला. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. पदरानं हात पुसले आणि अगदी शांतपणे म्हणाली, "मले मालूम हाये."

"काय मालूम हाये?"

"तू जाड राह्यला त डाक्टर तुह्या अंगाले हात लावत नाई. म्या विचारलं होतं त्याईले, तुनं मले अमरावतीले दाखवाले नेलं त्या पयल्याच दिवशी. तू बाहेर गेला होता गाडी आनाले."

मला समजायला वेळ लागला. वकील माणूस, पण समजायला वेळ लागला. मी वीस-बावीस रविवार जेवलो होतो आणि प्रत्येक रविवारी ती मला ठरवून खाऊ घालत होती. गोळाभातावरचं तेल, वरणातलं तूप, ती शपथ, सगळं ठरवून. माझ्या ताटात मी इतके दिवस दोन गोष्टी पाहत आलो होतो, तिचा लाड आणि माझा मोठेपणा. दोन्ही खोटं निघालं.

"काहून?" मी म्हणालो. "काहून केलं तुनं असं?"

"तुले दोन पोरी हायेत. तुह्यं काही झालं त म्या कोनाले तोंड दाखवू? आईनं तुले माह्या कडेवर देल्लं होतं. तुह्या पोटातून काढून घ्याले नाई देल्लं."

मी तिला भैताड म्हणालो, ठार वेडी. आयुष्यात पहिल्यांदा. मी तिला सगळे मुद्दे सांगितले, एका किडनीवर माणसं कशी जगतात, डॉक्टर काय म्हणाले, धोका किती. चांगला युक्तिवाद होता. तिनं ऐकून घेतला आणि माझं ताट पुढं सरकवलं. "जेव आता. थंडं झालं." मी जेवलो नाही. हात न लावता ताटावरून उठलो आणि स्टेशनवर जाऊन बाकावर बसून रडलो. शेजारी एक बाई शेंगा विकत होती, तिनं विचारलं, "कोन गेलं जी?" मी म्हणालो, "अजून कोनी नाई."

पुढच्या रविवारी मी डबा घेऊन जायचं ठरवलं.

हे ज्याला कळत नाही त्याला सांगून उपयोग नाही, तरी सांगतो. आमच्याकडे भाऊ बहिणीच्या घरी उपाशी गेला तर चालतो, दारू पिऊन गेला तरी एक वेळ खपतो. पण स्वतःचा डबा घेऊन बहिणीच्या घरी जाणं म्हणजे तिच्या चुलीवर थुंकणं. शत्रूच्या घरीही कोणी डबा नेत नाही. बायकोनं तर साफ सांगितलं, "मी नाही भरून देणार. नणंदेच्या घरी डबा पाठवला म्हणून जन्मभर कोन ऐकून घेईन? तुमचं भांडन, तुमीच भाकरी थापा." मग मी थापल्या. पीठ कधी सैल, कधी घट्ट. एक भाकर तव्यावर काळी झाली, दुसरी मधोमध फाटली. सोबत कोरडी अंबाडीची भाजी घातली आणि निघालो.

ताईनं ताट मांडलेलंच होतं. मी ताटासमोर न बसता भिंतीला टेकून बसलो, डबा उघडला आणि खाऊ लागलो. ती बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते सांगवत नाही. भाऊजी आत आले, डबा पाहिला आणि बाहेर निघून गेले. मी निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली नाही.

दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी शेजारीण वाटीत काहीतरी घेऊन आली, माझा डबा तिनं पाहिला आणि वाटी तशीच घेऊन परत गेली. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गल्लीला कळलं असणार की वकील भावानं बहिणीशी अन्नपाणी तोडलं. भाऊजी पहिल्यांदाच मला म्हणाले, "हे बरं नाही करून राहिले तुम्ही." मी म्हणालो, "ते बरं करून राहिली काय?" ते ओट्यावर परत जाऊन बसले. काट्यावरचा आकडा मात्र दर सोमवारी थोडा थोडा खाली येत होता. मॅडमनं कौतुक केलं नाही. "रविवारचं पान भरलं हे चांगलं झालं," एवढंच म्हणाली.

चौथ्या रविवारी मी भिंतीला टेकलो आणि डबा उघडायच्या आत ताईनं तो माझ्या हातातून ओढून घेतला. झाकण काढलं. त्या दिवशीच्या भाकरी जास्तच जमल्या होत्या, म्हणजे वाकत नव्हत्या. तिनं एक उचलली, उलटी करून खालची बाजू पाहिली, मग जमिनीवर आपटून पाहिली.

"हे भाकर हाये का गोवरी?"

"म्या केली."

"दिसतेच." तिनं डबा बंद करून बाजूला ठेवला. फळीवरच्या तिच्या पाण्याच्या बाटलीतून एक घोट घेतला. मग विचारलं, "किती राह्यले?"

"पाच किलो."

"मंग घेतीन तुले?"

"मंग घेतीन."

ती उठली. चुलीपाशी गेली, परातीत पीठ घेतलं. थापण्याचा आवाज येऊ लागला. तोच आवाज, ज्यावर मी लहानपणी झोपायचो. थोडा दमलेला होता. मध्ये एकदा थांबला, मग पुन्हा सुरू झाला. बाहेर भाऊजींनी पेपर घडी करून ठेवला आणि येऊन दारात उभे राहिले.

ताईनं ताट वाढलं. दोन भाकरी, पातळ, पापुद्रा सुटलेल्या. वांग्याची भाजी, तेल दिसत नव्हतं. वाटीभर वरण, वर काही नाही. ताकाचा ग्लास. मी जेवलो. किती दिवसांनी तिच्या हातचं जेवलो, आणि खरं सांगतो, दोन भाकरींनी माझं पोट भरलं नाही. टोपलीत अजून एक होती, वाफ निघत होती.

"अर्धी दे ना," मी म्हणालो.

ताईनं टोपलीवर हात ठेवला. सुयांच्या खुणांनी काळानिळा पडलेला तोच डावा हात.

"नाई. आता मांगितली त माह्यं मेलं तोंड पाहशीन."

मी मुकाट्यानं उठलो आणि हात धुतले.